'काही नाही' या निदानाविरुद्ध

मराठी भाषेत चिंतेच्या शब्दांची वाण नाही. काळजी, घोर, धास्ती, धसका, हुरहूर, घालमेल, तगमग, धाकधूक हे शब्द आपण दिवसातून दहा वेळा वापरतो आणि प्रत्येकाचा अर्थ दुसऱ्याहून किंचित निराळा आहे, हे कोणी न शिकविताही जाणतो. घोर लागतो, धसका बसतो, धास्ती घेतली जाते, धाकधूक होते. एकाचे क्रियापदसुद्धा दुसऱ्याला चालत नाही. आमच्या जोयडा तालुक्यात त्यांत कोंकणीतील 'हुस्को'ची भर पडते. ज्या भाषेने एका व्यथेसाठी इतके बारकावे जपले, तिच्या बोलणाऱ्यांनी ती व्यथा घेऊन दवाखान्यात जावे आणि 'तुम्हांला काही नाही' एवढेच ऐकून परत यावे, ही गोष्ट मला वर्षानुवर्षे खटकत आली आहे. प्रस्तुत लेख त्या 'काही नाही'च्या विरोधात आहे.

हे 'काही नाही' कसे मिळते, ते सुज्ञ वाचकांपैकी बहुतेकांनी आपल्या घरात किंवा शेजारी पाहिले असेल. चाळिशीची बाई. एके दिवशी आठवडा-बाजारात किंवा बसमध्ये तिचे काळीज एकाएकी धडधडू लागते, हातापायांना मुंग्या येतात, श्वास पुरेनासा होतो, आता आपण मरणार असे तिला वाटते. घरचे तिला दांडेलीला नेतात, तेथून बेळगावला किंवा हुबळीला. हृदयाचा आलेख निघतो, तो निर्दोष असतो. 'काही नाही, विचार करू नका, विश्रांती घ्या.' गाडीभाड्याचे आणि तपासणीचे पैसे गेले तरी जीव वाचला म्हणून घरचे देवापुढे नारळ ठेवतात. पंधरवड्याने तोच प्रकार पुन्हा. आता बाई बसमध्ये चढत नाही. मग बाजाराला जाणे बंद होते, मग लग्नाकार्याला, मग विहिरीवर एकटीने जाणेही. तिसऱ्या खेपेला घरचेच म्हणू लागतात की, हिचे सोंग आहे. काही नाही म्हणून सांगितले ना डॉक्टरांनी?

येथे पहिल्या तपासणीबद्दल माझी तक्रार नाही. छातीत धडधड झाली तर हृदय पाहिलेच पाहिजे. कंठग्रंथीचा स्राव वाढल्यानेही हुबेहूब हीच लक्षणे दिसतात, रक्त कमी असल्यानेही धडधडते, तेही तपासले पाहिजे. तक्रार पुढच्या वाक्याबद्दल आहे. 'हृदयाला काही नाही' हे निदान खरे असते. 'तुम्हांला काही नाही' हे खोटे असते. तिला जे झाले आहे त्याला नाव आहे, त्याची कारणमीमांसा आहे, आणि मुख्य म्हणजे त्यावर उपचार आहे. पॅनिक डिसऑर्डर हे त्याचे वैद्यकीय नाव. मराठीत त्याला भयाचा झटका म्हणू.

ऑक्सफर्डचे मानसशास्त्रज्ञ डेव्हिड क्लार्क यांनी १९८६ साली या झटक्याची जी उपपत्ती मांडली, ती समजायला पदवीची गरज नाही. काळीज जरा जोराने धडधडते. जिना चढल्याने, चहाने, उन्हाने, कशानेही. मन त्या धडधडीचा अर्थ लावते की, हा हृदयविकार. त्या अर्थाने भीती वाटते, भीतीने शरीर पळायच्या किंवा झुंजायच्या तयारीला लागते, त्या तयारीने धडधड आणखी वाढते, आणि वाढलेली धडधड म्हणजे पहिल्या शंकेचा पुरावाच! ही घाण्याची फेरी आहे. झटका काही मिनिटांत शिगेला पोचून आपोआप ओसरतो, परंतु तोवर बाई बसमधून उतरलेली असते किंवा कोणी तिला पाणी पाजलेले असते. म्हणून आपण उतरलो म्हणून वाचलो, असा धडा तिचे मन गिरविते. पुढच्या वेळी ती उतरण्यासाठी थांबत नाही, ती चढतच नाही.

उपचार या फेरीला नेमक्या जागी अडवितो. समुपदेशक आधी ही फेरी कागदावर काढून दाखवितो. तीही तिच्या शब्दांत, तिच्या धडधडीपासून. मग तो तिला आपल्यासमोर पायऱ्यांवरून दहा वेळा चढ-उतार करायला लावतो. काळीज तसेच धडधडते, श्वास तसाच लागतो, आणि मरण काही येत नाही. हा उपदेश नव्हे, हा प्रयोग आहे. त्याचा निष्कर्ष तिने स्वतः काढायचा असतो. त्यानंतर बस. आधी थांब्यापर्यंत, मग पुढच्या थांब्यापर्यंत कोणाच्या तरी सोबतीने, मग एकटीने. मध्येच भीती वाटली तर उतरायचे नाही, ती ओसरेपर्यंत बसून राहायचे. पन्नासच्या दशकात दक्षिण आफ्रिकेचे जोसेफ वोल्पे यांनी पायरीपायरीने भयाला सामोरे जाण्याच्या पद्धतीचा पाया घातला, साठच्या दशकात अमेरिकेत ॲरन बेक यांनी विचार तपासण्याची रीत सिद्ध केली, आणि पुढे या दोन धारा मिळून आजची बोधात्मक वर्तनोपचार पद्धती झाली. साधारणतः आठवड्याला एक बैठक, पाऊण तास ते तासभराची, आणि अशा सहा ते बारा बैठका. मधल्या दिवसांत घरी करायचा अभ्यास. रोग्याकडून इतके कष्ट करून घेणारा दुसरा उपचार वैद्यकात क्वचितच असेल, आणि तरीही लोक त्याला 'नुसत्या गप्पा' म्हणतात.

आता आक्षेपांकडे वळू. आपल्या साहित्यिक वर्तुळात जे बोलले जाते, त्यापासूनच आरंभ करतो.

पहिला आक्षेप, पूर्वी असले काही नव्हते. होते. फक्त त्याला अंगात येणे, वारे लागणे, करणी, हाय खाणे अशी नावे होती आणि ते बाईच्या माथी मारले जाई. दुसरा आक्षेप अधिक प्रतिष्ठित आहे. समर्थांनी मनाचे श्लोक लिहून ठेवले असता आपल्याला परदेशी समुपदेशन कशाला हवे? व्याख्यानात हे वाक्य टाळी घेते. चिता आणि चिंता यांत एका अनुस्वाराचा भेद असल्याची कोटीही त्याच्या पाठोपाठ येते आणि तिलाही टाळी पडते. मी स्वतः दोनशे पाच श्लोक पाठ असलेल्या पिढीतला आहे आणि त्यांचे ऋण मानतो. मनाला समोर बसवून त्याच्याशी बोलायचे, त्याच्या सवयी त्याला दाखवायच्या, ही मराठी माणसाची जुनी वहिवाट आहे. म्हणूनच तर मला वाटते की, ही उपचारपद्धती आपल्याला परकी नाही. बेक यांच्याही आधी, १९५५ च्या सुमारास, न्यूयॉर्कला आपली विवेकनिष्ठ पद्धती उभारणारे अल्बर्ट एलिस आपले ऋण एपिक्टेटस या प्राचीन ग्रीक तत्त्वज्ञाकडे निःसंकोच नेऊन पोचवीत. तत्त्वज्ञानातून उपचार निघू शकतो, हे त्यांनी करून दाखविले. परंतु निघावा लागतो! श्लोक मनाला आज्ञा करतो. भयाच्या झटक्यात सापडलेले मन आज्ञा ऐकत नाही, आणि ऐकले नाही म्हणून आपली भक्ती उणी पडली, असा आणखी एक अपराध स्वतःच्या खाती लिहून घेते. 'चिंता करू नकोस' हा जगातला सर्वांत जुना आणि सर्वांत निरुपयोगी सल्ला आहे. ज्याला चिंता सोडता येते, त्याला तो लागत नाही. ज्याला लागतो, त्याला तो पाळता येत नाही.

देवाला कौल लावण्याविषयीही दोन शब्द लिहितो, कारण येथील खेड्यांत दवाखान्याच्या आधी तेथेच जातात. मी त्याची कुचेष्टा करणार नाही. अनिश्चितता असह्य झालेल्या माणसाला उजवा-डावा प्रसाद मिळाला की, तो त्या रात्री झोपतो. ही काही लहान गोष्ट नाही. पण चौथ्या दिवशी तीच शंका घेऊन तो परत येतो, आणि दर आठवड्याला कौल लावावा लागू लागला की, तो दिलासा राहत नाही, तो दुखण्याचा भाग होतो. शहरातील सुशिक्षितांनी येथे हसू नये. दर महिन्याला काढलेला हृदयाचा आलेख हाही एक कौलच आहे. गुरव बदलतो, एवढेच.

तिसरा आक्षेप माझ्या तरुण मित्रांचा आहे आणि तो मला सर्वांत जड वाटतो. ते म्हणतात, जोयड्याच्या माणसाला चिंता वाटू नये तर काय? काळी नदीवर सुपा येथे धरण झाले, तालुक्याचे जुने ठाणे पाण्याखाली गेले, कचेऱ्या जोयड्याला आल्या, माणसे रामनगरला आणि आणखी कोठे कोठे विखुरली. नंतर १९८७ साली अणशीचे राष्ट्रीय उद्यान, २००७ साली व्याघ्रप्रकल्प, २०१५ साली त्याचे 'काळी' असे नवे नाव. जंगलातील गावांच्या 'स्वेच्छेच्या' स्थलांतरासाठी कुटुंबामागे आधी दहा लाख आणि २०२१ पासून पंधरा लाख रुपये. घर दुरुस्त करावे की नाही, माडाचे रोप लावावे की नाही, मुलीला या गावात द्यावी की नाही, हे ज्याला वर्षानुवर्षे ठरविता येत नाही, त्याची झोप उडणे हा रोग आहे की शहाणपण? त्याला समुपदेशकाकडे पाठविणे म्हणजे त्याच्या गाऱ्हाण्याला गुंगीचे औषध देणे नव्हे काय?

या आक्षेपात तथ्य आहे आणि ते मी नाकारीत नाही. महसुली नोकरीत ज्याने आयुष्य काढले, त्याला एका यादीची भीती काय असते, हे सांगावे लागत नाही. खिडकीपाशी येऊन 'साहेब, आमचे नाव यादीत आहे का?' एवढेच विचारणारा माणूस मी असंख्य वेळा पाहिला आहे. आणि 'कार्यवाही सुरू आहे' हे आम्हा सरकारी लोकांचे लाडके वाक्य त्याच्या जिवाला किती दिवस टांगून ठेवते, तेही पाहिले आहे. त्या माणसाला समुपदेशकाची नव्हे, उत्तराची गरज असते. एखादे शासन उत्तर देण्याऐवजी समुपदेशक पाठवू लागले, तर मी त्याचा निषेध करणाऱ्यांत पुढे असेन.

परंतु हे मित्र येथेच थांबतात आणि मी थांबू शकत नाही. आमच्या रानवाटांवर अस्वल असते. समोर अस्वल दिसले असता ज्याच्या छातीत धस्स होत नाही, तो माणूस फार दिवस जगत नाही. ती भीती आरोग्याची खूण आहे. परंतु एकदा अस्वल दिसल्यानंतर जो सहा महिने उंबरा ओलांडत नाही, रेशन आणायला जात नाही, रात्री पानाच्या सळसळीने उठून बसतो, दिवसभर अस्वलाचाच विचार करून थकतो, त्याची भीती आता अस्वलापुरती राहिलेली नाही. अस्वल खरे आहे, म्हणून त्याचा आजार खोटा ठरत नाही. चांगला समुपदेशक त्याला 'अस्वल नाही' असे सांगत नाही. किती वाजता जावे, सोबत कोण असावे, आवाज करीत कसे चालावे, हे तो त्याच्याकडूनच वदवून घेतो. आणि त्यानंतर उरलेल्या भीतीशी दोघे मिळून काम करतात. यादीच्या, नोटिशीच्या, कर्जाच्या भीतीचेही असेच आहे. ज्याचा प्रश्न खरा आहे, त्याला तो लढविण्यासाठी झोप लागते, जेवण जाते आणि बैठकीत उठून बोलता येते, एवढे तरी बळ लागतेच. प्रश्न सुटेपर्यंत तुझे दुखणे राजकीय आहे, म्हणून त्यावर औषध नाही, हे त्याला सांगणे ही क्रांतिकारकता नव्हे. दमा धुळीच्या खाणीमुळे झाला म्हणून आपण दमेकऱ्याचे औषध थांबवीत नाही.

गोळ्यांविषयी थोडक्यात. योग्य तज्ज्ञाने योग्य प्रमाणात दिलेली औषधे चिंताविकारात उपयोगी पडतात, पुष्कळांना ती आवश्यकही असतात, त्यांच्याविरुद्ध माझे काही म्हणणे नाही. म्हणणे आहे ते अल्प्राझोलामसारख्या झोपेच्या-शांतीच्या गोळ्यांबद्दल. त्या अर्ध्या तासात आराम देतात आणि काही आठवड्यांत सवय लावतात. २०१४ च्या मार्चपासून या औषधाला अनुसूची एच-१ चे नियम लागू आहेत. चिठ्ठीशिवाय विक्री नाही, विक्रीची स्वतंत्र नोंदवही, ती तीन वर्षे जपून ठेवायची. नियम उत्तम आहे. तो किती पाळला जातो हे ज्याला पाहायचे असेल, त्याने आपल्याच घरातल्या वडीलधाऱ्यांच्या औषधांचा डबा उघडावा आणि त्यातील चिठ्ठीची तारीख वाचावी.

आणि आता मुख्य प्रतिपक्षाकडे, म्हणजे शासनाकडे येतो. माझे चौतीस वर्षांचे अन्न त्याचे, म्हणून भाषा सौम्य ठेवीन. पण हिशेब सौम्य करता येणार नाही.

कर्नाटकाने या क्षेत्रात देशाला धडा घालून दिला, ही अभिमानाची गोष्ट आहे. बंगळूरच्या निम्हान्सने सत्तरच्या दशकात साकलवाड येथे खेड्यात जाऊन काम केले. ऐंशीच्या दशकात बळ्ळारी जिल्ह्यात प्राथमिक आरोग्य केंद्रांतील डॉक्टरांना व कर्मचाऱ्यांना शिकवून मनोविकारांचा उपचार गावापर्यंत नेता येतो, हे सिद्ध केले. आणि १९९६ साली सुरू झालेला देशाचा जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम या बळ्ळारीच्या नमुन्यावरच बेतला गेला. २०१४ साली राज्याने 'मनोचैतन्य' नावाखाली तालुका रुग्णालयांत ठराविक मंगळवारी मनोविकारतज्ज्ञ आणण्याचा उपक्रम आखला. कागदावर सर्व यथास्थित आहे. पण वर मी उपचाराचे जे वर्णन केले, ते वाचकांनी आठवावे. आठवड्याला एक बैठक, प्रत्येक पाऊण तासाची, अशा सहा ते बारा. ठराविक मंगळवारी येणारा तज्ज्ञ, दाराशी रांग, त्या रांगेत तीव्र मनोविकाराचे, अपस्माराचे, दारूचे रुग्ण. त्याने एकेकाला दहा मिनिटे दिली तरी तो धन्य. त्या दहा मिनिटांत गोळी लिहिता येते, उपचार करता येत नाही. हा त्या डॉक्टरचा दोष नाही, हे साधे अंकगणित आहे आणि ते करायला कोणत्याही समितीची गरज नाही.

दुसरी वाट धारवाडची. तेथील मानसिक आरोग्य संस्था चांगली आहे, तेथे जाऊन बरे झालेले लोक मला माहीत आहेत. पण जुन्या वेड्यांच्या इस्पितळाची सावली त्या गावाच्या नावावर अजून आहे. आमच्याकडे 'त्याला धारवाडला नेले' एवढे म्हटले की, पुढचे वाक्य बोलावे लागत नाही, आणि ज्या मुलीबद्दल ते म्हटले जाते, तिचे लग्न ठरत नाही. शिवाय अणशी, डिग्गी, कॅसलरॉक यांसारख्या ठिकाणांहून दर आठवड्याला धारवाडला जाऊन येणे म्हणजे रोजंदारीच्या माणसाने दिवसाची मजुरी आणि बसभाडे दोन्ही गमावणे. तिसरी वाट दूरध्वनीची. १० ऑक्टोबर २०२२ रोजी केंद्र शासनाने टेलि-मानस सेवा सुरू केली; १४४१६ हा तिचा क्रमांक, अहोरात्र चालणारी, विनामूल्य. वाचकांनी तो लिहून ठेवावा, अडीअडचणीला जरूर वापरावा. पण ज्या गावांतील मुलांनी २०२० च्या टाळेबंदीत तासाला बसण्यासाठी डोंगराच्या माथ्यावर जाऊन मोबाइलची रेघ शोधली, त्या गावांत चिंतेने अंथरूण धरलेल्या बाईने आधी डोंगर चढावा आणि मग चिंतेविषयी बोलावे, ही अपेक्षा जरा जास्तच झाली.

आणि या सर्वांच्या मुळाशी भाषा आहे. हृदयाचा आलेख काढायला भाषा लागत नाही. या उपचारात भाषा हेच उपकरण आहे. धास्ती आणि धसका यांतला फरक ज्याला कळत नाही, त्याला भीती हळूहळू साठली की एका प्रसंगाने आली, हे कळणार कसे? कन्नडात चिंतेला 'आतंक' हा शब्द सर्रास वापरतात. तो त्या भाषेत योग्यच आहे. पण त्याच शब्दाने मराठी वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे बंदूकधारी अतिरेकी उभा राहतो. आरोग्यविषयक पत्रक वाचून एखाद्या आजीबाईने 'आमच्या घरी कोणी आतंकवादी नाही हो' म्हटले तर हसण्याचा अधिकार आपल्याला नाही. मी कन्नडचा द्वेष्टा नाही. तिच्यातच नोकरी केली, तिच्यातील वाङ्मय प्रेमाने वाचतो. सीमावादाची शिळी कढीही मला येथे ऊत आणायची नाही. परंतु भाषिक अल्पसंख्याकांसाठी जी संरक्षणे या देशाने १९५६ पासून मान्य केली, त्यांत ज्या जिल्ह्यात किंवा तालुक्यात एखादी भाषा बोलणारे पंधरा टक्क्यांहून अधिक आहेत, तेथे महत्त्वाच्या सूचना त्या भाषेत प्रसिद्ध व्हाव्यात, असे स्पष्ट म्हटले आहे. जोयड्यात कोंकणी-मराठी बोलणारे या मर्यादेच्या कितीतरी वर आहेत. आणि २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा, जो २९ मे २०१८ पासून अमलात आहे, तो तर आणखी पुढे जातो. त्याच्या कलम १८ प्रमाणे शासनाने चालविलेली वा निधी दिलेली सेवा परवडणारी, पुरेशी आणि राहत्या ठिकाणापासून गाठता येण्याजोगी मिळणे हा प्रत्येकाचा हक्क आहे. आणि कलम ४ प्रमाणे उपचाराचा निर्णय घेताना रुग्णाला माहिती द्यायची ती त्याला समजेल अशा सोप्या भाषेत. हक्क, मेहेरबानी नव्हे. कायद्याने हा शब्द विचारपूर्वक वापरला आहे.

'तज्ज्ञ आणायचे कोठून?' हे शासकीय उत्तर मी पाठ म्हणू शकतो. देशातच मनोविकारतज्ज्ञांचा दुष्काळ, तेथे जोयड्याला कोण येणार? निम्हान्सने २०१५-१६ साली बारा राज्यांत केलेल्या राष्ट्रीय पाहणीत निरनिराळ्या मनोविकारांच्या बाबतीत सत्तर ते ब्याण्णव टक्के रुग्ण उपचारावाचून असल्याचे आढळले. (त्या बारा राज्यांत कर्नाटक, महाराष्ट्र व गोवा यांपैकी एकही नव्हते, तेव्हा आपले आकडे यापेक्षा बरे असल्याची समजूत ज्यांना करून घ्यायची असेल, त्यांना मोकळीक आहे.) तज्ज्ञ नाहीत, हे खरे. परंतु या उत्तराला प्रत्युत्तर अनमोडचा घाट उतरला की मिळते, इतके ते जवळ आहे.

गोव्यात १९९६ साली डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'संगत' ही संस्था स्थापन केली. तिने 'मानस' नावाचा एक प्रयोग केला आणि त्याचे निष्कर्ष २०१० साली 'लान्सेट' या जगन्मान्य वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. चोवीस दवाखाने घेतले, बारा सरकारी, बारा खाजगी. त्यांतील निम्म्या दवाखान्यांत एकेक समुपदेशिका नेमली. ती कोण? त्याच भागातील पदवीधर स्त्री, आरोग्यक्षेत्राचा कोणताही पूर्वानुभव नसलेली, दोन महिने पद्धतशीर प्रशिक्षण दिलेली. ती रुग्णाला त्याच्या दुखण्याचे स्वरूप समजावून देई, श्वसनाचे व्यायाम शिकवी, गरज असेल त्याच्याशी ठरलेल्या पद्धतीने अनेक बैठका घेई. औषध लागले तर दवाखान्यातील डॉक्टर देई, आणि अवघड रुग्णांसाठी मनोविकारतज्ज्ञाची भेट व सल्ला असे. औदासीन्य आणि चिंताविकार या दोहोंचे रुग्ण त्यांत होते. सहा महिन्यांनी सरकारी दवाखान्यांतील आकडे पाहिले तेव्हा, जेथे समुपदेशिका होती तेथे शंभरातील सुमारे सहासष्ट बरे झाले होते. जेथे नव्हती तेथे सुमारे बेचाळीस. खाजगी दवाखान्यांत मात्र असा फरक पडला नाही, हेही सांगितले पाहिजे. माझा तर्क असा की, तेथे कुटुंबाचा डॉक्टर मुळातच रुग्णाला ओळखत होता आणि त्याच्याशी बोलत होता. तर्क चुकीचा असेल, पण आपल्याला प्रयोजन सरकारी दवाखान्याशी आहे.

कोणी म्हणेल, गोवा श्रीमंत, तेथील गोष्ट वेगळी. तर मग झिंबाब्वेकडे पाहावे. तेथे डिक्सन चिबांडा या मनोविकारतज्ज्ञाने २००६ पासून दवाखान्याच्या आवारात लाकडी बाक मांडून त्यांवर गावातल्या आज्यांना बसविले, त्यांना समस्या सोडविण्याची उपचारपद्धती शिकविली, आणि २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या शास्त्रीय चाचणीत तिचा गुण सिद्ध झाला. त्या आज्या आजाराचे इंग्रजी नाव घेत नाहीत. शोना भाषेतील 'कुफुंगिसिसा' हा शब्द वापरतात. त्याचा अर्थ, फार विचार करणे. आपल्या आयाबाया 'फार इचार करता तो' म्हणतात, तोच शब्द! हरारेच्या आजीला जे साधते, ते आमच्या कुंभारवाड्याच्या किंवा जगलबेटच्या पदवीधर मुलीला साधणार नाही, असे म्हणणाऱ्याने कारण दाखवावे.

अर्धवट शिकलेले समुपदेशक लोकांचे नुकसान करतील, ही भीती मात्र अनाठायी नाही. चार दिवसांच्या शिबिराचे प्रमाणपत्र भिंतीवर टांगून मन वाचणारे महाभाग शहरांत आजच दिसतात. म्हणून प्रशिक्षण ठरलेल्या अभ्यासक्रमाचे हवे, दर आठवड्याला वरच्या तज्ज्ञाकडून कामाची तपासणी हवी, आणि आत्महत्येचे विचार, भ्रम, भास, झटके यांपैकी काहीही दिसले तर रुग्ण त्याच दिवशी वर पाठविण्याचा नियम हवा. तपासणी दूरध्वनीवरूनही होऊ शकते. त्या कामासाठी समुपदेशिकेने डोंगर चढला तरी चालेल, रुग्णाने चढू नये.

तेव्हा मागणी स्पष्ट शब्दांत मांडतो. जोयडा तालुक्यातील प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रामागे कोंकणी-मराठी बोलणारी एक स्थानिक समुपदेशिका. तिचे प्रशिक्षण धारवाडच्या संस्थेकडे. तिचे मानधन जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमातून. तिच्या बसण्याची खोली लसीकरणाच्या खोलीशेजारी, म्हणजे आत कोण कशासाठी गेले, हे अंगणातून कळू नये. तालुक्याची लोकसंख्या पन्नास हजारांच्या आसपास आहे. हा खर्च मोठा नाही. एका पर्यटन महोत्सवाच्या मांडवात तो बसावा.

आपल्या मंडळाकडेही एक मागणे आहे. आपण दरवर्षी शुद्धलेखनावर परिसंवाद घेतो. यंदा तो एक बाजूला ठेवून चिंताविकारावरील चार पानी पत्रक मराठीत व कोंकणीत तयार करावे. मजकूर वैद्यकीय जाणकाराने तपासावा, भाषा आपण सांभाळावी, आणि आशा कार्यकर्त्या, अंगणवाडी सेविका, मराठी शाळांतील शिक्षक यांच्याकडून ते आधी वाचून घ्यावे. मथळ्यात 'चिंताविकार' हा पंडिती शब्द नको, 'आतंक' तर नकोच. कोंकणी पत्रकासाठी 'हुस्को' आहेच. मराठीसाठी मी 'जिवाला लागलेला घोर' सुचवितो. कोणाला अधिक चांगला सुचला तर पुढील अंकापूर्वी चिटणिसांना कळवावा.